असर ते मगरिब: आपल्या मोहल्ल्यात मुलांनी धावायचं कुठे?

जूनमध्ये शाळा उघडली की आमच्या वर्गात दर वर्षी एक गोष्ट हमखास दिसते. मे महिन्याची सुट्टी खेड, महाड, श्रीवर्धनकडे आपल्या गावी काढून आलेली मुलं लगेच ओळखू येतात. रंग उन्हाने रापलेला, गुडघ्यांवर खपल्या, आणि पीटीच्या तासाला पटांगणाच्या दोन फेऱ्या मारल्या तरी दम लागत नाही. हीच मुलं दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पुन्हा पहिल्यासारखी होतात. एका फेरीतच कंबरेवर हात ठेवून उभी. "टीचर, पेट में दुखता है."

मूल तेच, आई-बाप तेच, घरातलं खाणं बरंचसं तेच. मोबाइलसुद्धा तोच, कारण आता गावातही रेंज मिळते. मग बदललं काय? बदलली ती घराबाहेरची जागा. गावात दार उघडलं की अंगण, अंगणापुढे वाडी, वाडीपुढे नदी. इथे मुंब्र्यात दार उघडलं की जिना, जिन्याखाली बाइकची रांग, त्यापुढे रिक्षा.

पालक सभेत आम्हाला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "टीचर, इसका मोबाइल छुड़ाओ किसी तरह." सवय वाईट आहे, यात वाद नाही. पण आम्ही उलट एक प्रश्न विचारतो: मोबाइल आज संध्याकाळी काढून घेतला, तर तुमचं मूल जाईल कुठे? बहुतेक अम्मींना यावर उत्तर सुचत नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही सुचत नाही. मोबाइलने मैदान हिरावलं असं आपण म्हणतो. आमच्या मते बऱ्याच घरांत क्रम उलटा आहे. मैदान आधी गेलं, त्या रिकाम्या जागेत मोबाइल नंतर येऊन बसला.

मुलांना किती हालचाल लागते, हे आधी बघू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेलं प्रमाण असं: ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी श्वास वाढेल, घाम येईल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं आणि स्नायू मजबूत होतील अशा उड्या, धावणं, चढणं असावं. ही ६० मिनिटं एकदम नसली तरी चालतात. शाळेपर्यंत भरभर चालणं पंधरा मिनिटं, सुट्टीतली पकडापकडी दहा मिनिटं, असं जोडत गेलं तरी हिशोब होतो. पण होतोय का? याच संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या शाळकरी मुलांची २०१६ पर्यंतची माहिती एकत्र केली. ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुलं एवढीही हालचाल करत नव्हती. मुलगे ७८ टक्के, मुली ८५ टक्के. म्हणजे हा फक्त आपल्या मोहल्ल्याचा रोग नाही. फक्त आपल्याकडे त्याची कारणं डोळ्यांसमोर पडलेली आहेत, म्हणून ती समजून घेणं सोपं जातं.

मुलांनी काढलेले नकाशे

मागच्या वर्षी आम्ही सहावीच्या मुलांना भूगोलाच्या तासाला सांगितलं, घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढा. वाटेत जे जे लागतं ते दाखवा, जिथे खेळता तिथे हिरवा रंग भरा. दिशा, चिन्हं, प्रमाण शिकवायचं होतं. शिकलो मात्र आम्हीच.

पायी येणाऱ्या मुलांचे नकाशे भरगच्च होते. नाला, नाल्यावरची फळी, चक्की, मटणाचं दुकान, "यहाँ काला कुत्ता", "यहाँ नानी का घर". रिक्षाने येणाऱ्या मुलांच्या कागदावर एका टोकाला बिल्डिंग, दुसऱ्या टोकाला शाळा, मध्ये एक सरळ रेघ. रस्ता त्यांनी पाहिलेलाच नाही. हिरवा रंग बहुतेकांनी शाळेच्या पटांगणातच भरला होता. काहींनी बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये भरला. एका मुलीने घराची खिडकी काढून तिच्यात हिरवा रंग भरला. विचारलं तर म्हणाली, "मैं यहाँ से सब का खेल देखती हूँ."

या नकाशांत संशोधकांचा अर्धा विषय येऊन जातो. मूल किती हलतं हे फक्त त्याच्या आवडीवर अवलंबून नसतं. जागा किती जवळ आहे, तिथपर्यंतचा रस्ता कसा आहे, वाटेत कोण उभं असतं, घरातून तिच्यावर नजर राहते का, अंधार कधी पडतो, यावरही असतं.

रस्त्याची गोष्ट आधी. डोनल्ड ॲपलयार्ड नावाच्या नगररचनाकाराने अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या, दिसायला सारख्या असलेल्या तीन रस्त्यांचा अभ्यास १९७२ मध्ये मांडला. एका रस्त्यावरून दिवसाला सुमारे २,००० गाड्या जायच्या, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,०००. कमी गाड्यांच्या रस्त्यावर राहणाऱ्यांचे गल्लीतले मित्र, जास्त गाड्यांच्या रस्त्यावरच्या लोकांपेक्षा तिपटीने जास्त निघाले. पहिल्या रस्त्यावर मुलं पायऱ्यांवर, फुटपाथवर खेळायची आणि लोक सगळी गल्लीच आपली समजायचे. तिसऱ्या रस्त्यावर माणसाचं "आपलं" घराच्या दारापाशीच संपायचं. घरं वाईट नव्हती, माणसंही वाईट नव्हती. मध्ये गाड्या होत्या.

दुसरा अभ्यास इंग्लंडचा आहे आणि आम्हाला तो जास्त अस्वस्थ करतो. मेयर हिलमन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये, १९७१ ला ज्या शाळांत पाहणी झाली होती तिथेच पुन्हा पाहणी केली. १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जायची. १९९० मध्ये फक्त ९ टक्के. पालकांनी सांगितलेलं मोठं कारण म्हणजे वाहतुकीची भीती. मजा अशी की याच काळात रस्त्यावर मरणाऱ्या मुलांची संख्या कमी झाली होती, आणि त्यावरून रस्ते सुरक्षित झाले असं सांगितलं जात होतं. हिलमन यांचं म्हणणं, रस्ते सुरक्षित झालेले नाहीत, मुलांना रस्त्यावरून काढून टाकलं आहे.

आपल्याकडेही कोणी अभिमानाने म्हणतं, "हमारी गली में आज तक एक्सीडेंट नहीं हुआ." आम्ही विचारतो, गल्लीत मूल दिसतं का?

मुंब्र्यालाच एवढी टंचाई का?

मुंब्र्याची रचना ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, मधल्या पट्ट्यातून रेल्वे आणि जुना मुंबई-पुणे रस्ता. मुंब्रा आणि कौसा ही मूळची गावं. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून हजारो कुटुंबं जीव आणि चीजवस्तू घेऊन इकडे आली, पुढेही येत राहिली. डोक्यावर छप्पर हवं होतं. इमारती भराभर उठल्या, त्यातल्या कितीतरी परवानगीशिवाय. त्या वेळी खेळाचं मैदान कोणाच्या यादीत असणार?

यात नियमाचा एक बारकावा आहे, तो पालकांना सहसा माहीत नसतो. राज्याच्या बांधकाम नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर बांधकाम करायचं असेल तर १० टक्के जागा मोकळी, मनोरंजनासाठी ठेवावी लागते. मोठ्या टाउनशिपमध्ये झोपाळे, घसरगुंडी दिसते ती बिल्डरच्या मेहरबानीने नव्हे. आता आपल्या मोहल्ल्यात बघा. छोटे छोटे प्लॉट, एकेका प्लॉटवर एकेक इमारत. कोणताच प्लॉट त्या मापाचा नाही. अशा पन्नास इमारती शेजारी शेजारी उभ्या राहिल्या तरी कायद्याने मुलांच्या वाट्याला एक झोपाळा येत नाही. परवानगी घेऊन बांधलं असतं तरीही आला नसता.

मग इमारतीच्या आत काय उरतं? तळमजल्यावर दुकानं किंवा पार्किंग. गच्चीला कुलूप, आणि ते असावंच, कठडे बुटके आहेत. पॅसेजमध्ये चेंडू आपटला की समोरच्या दारातून ओरडा. पूर्वी चाळीत राहणाऱ्या आमच्या आईसारख्या बायकांना पोर दिसत असे. गॅलरीतून हाक मारली की झालं. दुसऱ्या मजल्यावरची अम्मी अजूनही खिडकीतून लक्ष ठेवू शकते. सातव्या मजल्यावरच्या, लिफ्ट बंद असलेल्या घरातली अम्मी काय करणार? चूल सोडून खाली येऊन उभी राहणार? ती म्हणते, घरीच बस बेटा. तिला आळशी किंवा वेडी ठरवण्याआधी एकदा तिच्या खिडकीतून खाली पाहावं.

राहिला टर्फ. हल्ली जाळी लावलेले हिरवे टर्फ दिसतात. तासाचे पैसे भरा आणि खेळा. तिथे रात्री अकराला कॉलेजची मुलं, नोकरीवाले दिसतात. चौथीतल्या पोराच्या खिशात एवढे पैसे नसतात.

जागेइतकीच वेळेची अडचण आहे, आणि ती आपल्या मोहल्ल्याची खास आहे. आपल्याकडे खेळाचं घड्याळ म्हणजे अजान. दुपारी ऊन, मगरिबनंतर मक्तब किंवा ट्यूशन. मुलांच्या हाती उरतो तो असर ते मगरिबचा वेळ. हनफी वेळेने डिसेंबरात तो साधारण दीड तास असतो. (शाफई घरांत असर लवकर होते, त्यामुळे आमची कोकणी मुलं या हिशोबात जरा सुखी.) दीड तासात ६० मिनिटं आरामात बसतात. पण वर्गखोल्या कमी असल्याने कितीतरी शाळा दोन पाळ्यांत चालतात. दुपारच्या पाळीतलं मूल सहाच्या सुमारास सुटतं. जूनमध्ये सूर्य सव्वासातला मावळतो, त्यामुळे तासभर मिळतो. डिसेंबरात मगरिब सहाच्या आसपासच होते. शाळेच्या गेटबाहेर पाऊल टाकलं की अंधार. म्हणजे थंडीचे दिवस, खेळायला वर्षातले सगळ्यात चांगले, या मुलांचे रविवार सोडून सगळे फुकट. शिफ्ट निवडताना आपण रिक्षाचं भाडं बघतो, मोठ्या भावाची वेळ बघतो. हेही बघायला हवं.

खेळ गेल्याने नेमकं काय जातं? वजन वाढतं हे सगळ्यांना दिसतं. हाडांचं दिसत नाही. आयुष्यभर पुरवायचा हाडांचा साठा बहुतांशी विशीच्या आत भरला जातो आणि उड्या मारल्याशिवाय, धावल्याशिवाय तो नीट भरत नाही. आज बारा वर्षांची असलेली मुलगी साठाव्या वर्षी जिन्यात पडली तर हाड मोडेल की नाही, यातला काही भाग आत्ता ठरतो आहे. आणि डोळे. आमच्या वर्गात दर वर्षी दोन-तीन नवीन चष्मे येतात. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांतल्या सहा-सात वर्षांच्या मुलांवर तीन वर्षं एक प्रयोग झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटं जादा उघड्यावर नेलं. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसू लागलं होतं, बाहेर नेलेल्या शाळांत ३०.४ टक्के. औषध नाही, थेंब नाही, फक्त दिवसाचा उजेड.

एका अब्बूंबरोबर चाललेला रस्ता

सहावीत आमच्याकडे एक मुलगी होती. धावण्यात शाळेतल्या मुलग्यांनाही मागे टाकायची. सातवीत गेल्यावर रविवारच्या सरावाला येईनाशी झाली. आम्ही तिच्या अब्बूंना बोलावलं आणि, मान्य करतो, मनात आधीच निकाल देऊन बसलो होतो: मुलगी मोठी झाली म्हणून बंद केली असणार. नबी करीम (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याचा दाखलाही आम्ही तयार ठेवला होता.

त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "टीचर, दीन का मसला नहीं है. आप एक बार मेरे साथ घर से मैदान तक चलके देखो."

आम्ही गेलो. संध्याकाळचे पाच. त्यांच्या गल्लीतून मोठ्या रस्त्यावर यायला फुटपाथ आहे, पण त्यावर भंगाराची दुकानं पसरलेली, म्हणून डांबरावरून चालावं लागतं. मग टेम्पो उभे करण्याची जागा, तिथे दोन टेम्पोंमधल्या फटीतून आडवं होऊन जायचं. त्यापुढे पानाची टपरी, चार-पाच जण बाकड्यावर बसलेले. आमच्या वयाकडे बघूनही त्यांनी नजर वळवली नाही. मग रस्ता ओलांडायचा. सिग्नल नाही, झेब्रा पट्टे पुसलेले. शेवटी भिंतीच्या कडेची गल्ली, तिथला दिवा बंद. मैदानात पोचलो तर तिथे मोठ्या मुलांच्या तीन क्रिकेट मॅच एकाच वेळी चालू. टॉयलेट नाही. अब्बू म्हणाले, "अब आप बोलो, मैं भेजूँ?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. शर्यतीचा दाखला आम्ही काढलाच नाही.

मुलींचा खेळ अकरा-बारा वर्षांनी सुटतो, याचं खापर आपले लोक आणि बाहेरचे लोक दोघंही परंपरेवर फोडतात. घरात अडवणारी माणसं असतात, नाही असं नाही. पण त्या रस्त्यावर दिवा असता, बाकडं नसतं, मैदानात मुलींचा एक ठरलेला तास असता, तर "नाही" म्हणणाऱ्या किती अब्बूंनी "हो" म्हटलं असतं? याच मुंब्र्यात परचम या संस्थेने सुमारे दशकभरापूर्वी मुलींचा फुटबॉल सुरू केला तेव्हा त्यांनाही नुसते बूट आणि बॉल देऊन भागलं नाही. मुलींना खेळायला हक्काचं मैदान मागावं लागलं, घरोघरी जाऊन अम्मींशी बोलावं लागलं.

जागा नाही, हे खरं. पण जागा म्हणजे मोठं मैदानच, ही समजूत जरा सोडायला हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲम्स्टरडॅम शहरात घरांची आणि पैशांची तंगी होती. तिथल्या पालिकेत काम करणाऱ्या आल्डो व्हान आइक या तरुण वास्तुविशारदाने १९४७ मध्ये एका छोट्या चौकात वाळूचा हौद, काही गोल दगड आणि लोखंडी कमानी बसवल्या. शेजारच्या लोकांनी पत्रं लिहून आपल्याही भागात मागणी केली. १९७८ पर्यंत अशा ७०० हून अधिक जागा झाल्या. मोठ्या बागा नाहीत. दोन इमारतींमधली फट, कचरा टाकायची मोकळी जागा, रस्त्याचा रुंद कोपरा. कुंपण सहसा नाही, त्यामुळे आजूबाजूच्या खिडक्याच पहारा देत. आपल्या गल्लीत बंद पडलेल्या रिक्षा आणि पडीक कार किती जागा अडवून बसल्या आहेत, एकदा मोजा.

रस्ता काही तास मुलांचा करणं ही दुसरी वाट. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद करून लोकांना चालायला, खेळायला मोकळे करून दिले होते. एखादी गल्ली रविवारी सकाळी दोन तास बंद ठेवायची तर मोहल्ला कमिटी, वाहतूक पोलीस आणि दुकानदार यांचं एकमत लागतं. ईदच्या नमाजला, लग्नाच्या मंडपाला आपण रस्ता मोकळा करून घेतोच. मग मुलांसाठी अर्ज करायला आपल्याला लाज का वाटते?

मशिदीच्या सहनबद्दलही बोलायला हवं, रागावू नका. असरनंतर सहन रिकामं असतं आणि पोरं आत आली की कोणीतरी हाकलतं. ईदच्या दिवशी हबशी लोक मस्जिदे नबवीत भाल्यांचा खेळ करत होते आणि हजरत आयेशा (रजि.) तो पाहत होत्या, हे आपल्या जिम्मेदार लोकांना ठाऊक आहे. सहनमध्ये क्रिकेट खेळू द्या असं आम्ही म्हणत नाही. पण मक्तबच्या तासातली पंधरा मिनिटं उस्तादांनी लहान मुलांना तिथे धावू दिलं तर अदब बिघडत नाही.

आणि कागदाचं काम. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला खेळाचं मैदान हवं असं लिहिलं आहे. प्रवेश घेताना इंग्लिश कशी आहे विचारतो, तसं मैदान दाखवा म्हणावं. शहराच्या विकास आराखड्यात मैदान आणि बागेसाठी आरक्षित जागा दाखवलेल्या असतात. तो नकाशा कोणालाही पाहता येतो. १९६६ च्या नगररचना कायद्यात अशी तरतूद आहे की आरक्षित जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या ठरावीक मुदतीत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. म्हणजे कागदावरचं मैदान नुसतं वाट बघून मिळत नाही, उलट जातं. निवडणुकीत उमेदवार दारात येतो तेव्हा गटार आणि पाण्याबरोबर त्या नकाशावरचा सर्व्हे नंबर घेऊन बसा.

त्या मुलीचं काय झालं? तिच्याच इमारतीतल्या एक खाला रविवारी सकाळी सातला त्याच रस्त्याने भाजी आणायला जातात. सातला टपरी उघडलेली नसते, टेम्पो निघून गेलेले असतात, क्रिकेटवाले झोपलेले असतात. अब्बूंनीच ही वेळ शोधून काढली. आता खालांबरोबर तीन मुली येतात, दोन आठवीच्या, एक सहावीची, आणि साडेआठला त्यांच्याच बरोबर परत जातात. आठवड्यातला एक दिवस. बाकीच्या सहा दिवसांसाठी आम्ही अजून रस्ता शोधतो आहोत. गल्लीतल्या बंद दिव्यासाठी अर्ज दिला आहे, त्यावर सही करणाऱ्यांत पानटपरीवालेही आहेत.